माकोरोनं गाणं लांबवलं तो दिवस

माकोरो कुयातेला मागायची लाज कधीच वाटली नाही. लग्नात नवरी अंगणात पाऊल टाकते न टाकते तोच ही माझ्या सासऱ्यांपुढे उभी राहायची आणि कमरेवर हात ठेवून म्हणायची, "नानकोमान कैता, तुझ्या आजोबांनी माझ्या आजोबांना घोडा दिला होता. तू काय देणार? कोंबडी?" लोक हसायचे. सासरे तोंड वाकडं करायचे आणि शेवटी बोकड सोडायचे. न सोडून करतात काय? पुढच्या लग्नात तिनं तेच गाऊन दाखवलं असतं, आणि तिचा आवाज नदीपलीकडच्या गुराख्यांनासुद्धा ऐकू जायचा.

कुयाते हे कैतांचे जेली, पिढ्यान्‌पिढ्यांचे भाट. कैतांनी शेती करायची, बंदुका बाळगायच्या आणि आपसात भांडायचं. कुयात्यांनी कोण कोणाचा मुलगा, कोणत्या आईच्या पोटचा, कोणी कोणाला काय वचन दिलं, हे सगळं डोक्यात ठेवायचं आणि वेळ आली की गाऊन सांगायचं. माकोरो हे लहानपणीच शिकली. बाप तिला पहाटे डोक्यावर घडा देऊन नदीवर पाठवायचा. परत येताना कैतांची एक अख्खी शाखा मोठ्यानं म्हणत यायचं. मध्ये एखादं नाव गळलं, तर बाप दारातच घडा उतरवायचा, पाणी आळ्यात ओतून द्यायचा आणि म्हणायचा, "जा परत." ती सांगायची, "आमच्या दारातलं पपईचं झाड माझ्या चुकांवर वाढलं."

तिचं लग्न लांबच्या गावी झालं. नवरा गेला तशी ती आमच्या गावी, सोलाकोरोला, परत आली. इथे तिचा धाकटा भाऊ तुमान होता. तो छोटं तंतुवाद्य वाजवायचा, तेच आमचं न्गोनी. लहानपणी माकोरोनं त्याला पाठीवर बांधून वाढवलेला.

मी या घरची सून. माझं माहेर सांजाना, आडनाव कुलिबाली. आता कुलिबाली आणि कैता यांचं नातं आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. दोघांनी एकमेकांना वाटेल ते बोलावं, गुलाम म्हणावं, चवळीखाऊ म्हणावं. समोरच्यानं रागवायचं नाही. रागावला तर तोच हलका ठरतो. मी पहिल्या दिवशी या घरात आले तेव्हा सासऱ्यांनी स्वागत केलं ते असं: "या, चवळीखाऊ. माहेरून पोतं आणलंत, की आमचीच संपवणार?" माकोरोनं तिथल्या तिथे माझी बाजू घेतली. "खाऊ दे रे तिला, तुझ्या घरात दुसरं चांगलं शिजतं तरी काय?" त्या दिवसापासून मी तिला माकोरोआई म्हणू लागले.

सासऱ्यांना एक सावत्र भाऊ होता, जिगी. बाप एक, आया दोन. आमच्याकडे म्हणतात, एका आईची लेकरं सकाळी भांडतात आणि संध्याकाळी एकाच वाडग्यात हात घालतात. एका बापाची लेकरं जन्मभर मोजत बसतात, कोणाचा वाडगा मोठा. म्हातारा बाप गेल्यावर जिगीनं आपला कबिला ओढ्यापलीकडे नेला. तुमान त्याच्याबरोबर गेला, कारण दोन्ही घरांना जेली हवाच. माकोरो आमच्याकडे राहिली. अशी ती बहीणभावंडंही दोन काठांना वाटली गेली.

दोन्ही घरांच्या मध्ये शियाच्या झाडांचा एक माळ होता. कोणाचा, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. बायका फळं वेचायच्या, तेल काढायच्या, बस. मग एका उन्हाळ्यात तिथल्या मातीत सोन्याची कणी लागली. फार नाही. पण तेवढ्यानंच सगळं फिरलं. आमच्या माणसांनी खड्डे खणले. जिगीच्या मुलांनी ते बुजवले. आमच्यांनी पुन्हा खणले. मग एका दुपारी माळावर फावडी चालली आणि माझ्या धाकट्या दिराच्या पायाचं हाड मोडलं. त्याला खाटेवर घालून आणला. त्यातच कोणीतरी येऊन सांगितलं, की जिगी सासऱ्यांच्या आईबद्दल काहीतरी बोलला. काय बोलला ते सांगणाऱ्यानं सांगितलं नाही. सासऱ्यांनीही विचारलं नाही. ते नुसते उठले आणि त्यांनी भिंतीवरची बंदूक काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण माणसांनी भरलं. लोहारानं घडवलेल्या बंदुका, शिकारीचे मातकट सदरे, गळ्यात ताईत. माझा नवरा फामोरो त्यांच्यातच. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो माझ्याकडे बघायचं टाळत होता.  चूल पेटली होती, पण लापशीकडे कोणाचा हात जात नव्हता.

सासऱ्यांनी माकोरोला बोलावलं. ती आली, निळं लुगडं गुंडाळून, हातात लोखंडी नळी आणि ती वाजवायची सळई.

"गा," सासरे म्हणाले. "पूर्वजांचं गाणं. पहिल्यापासून माझ्यापर्यंत."

ते गाणं म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यात एकेक पूर्वज उभा राहतो: अमक्यानं रानम्हैस मारली, तमका एकटा शत्रूच्या फळीसमोर उभा राहिला. आणि शेवटी ऐकणाऱ्याचं नाव येतं, जणू विचारतात, आता तू? ज्याचं नाव असं घेतलं जातं त्याला मागे फिरता येत नाही. मागे फिरलाच, तर गावात राहता येत नाही. आणखी एक रीत आहे. गाणं चालू असताना, आपलं नाव येईपर्यंत, ज्याचं गाणं आहे त्यानं जागचं हलायचं नाही.

माकोरो म्हणाली, "इथे अंगणात? कोंबड्यांना ऐकवू?"

"मस्करी नको, माकोरो."

"मस्करी नाही, कैता. तुझ्या बापाचं गाणं ते जिगीच्याही बापाचं. त्यालाही ऐकू दे. माळावर चल. मी त्याच्या तोंडावर गाते. त्याला कळू दे, कोणाशी गाठ आहे."

माणसं हुंकारली. सासऱ्यांना ते आवडलं.  मला मात्र वाटलं, ही बाई आगीत तेल ओततेय.

माणसं बाहेर पडू लागली. माकोरो पाणी प्यायच्या निमित्तानं रांजणाकडे वळली, माझ्याजवळ आली आणि तोंडाला वाटी लावूनच बोलली, "सूनबाई, तुझा काका झान जिवंत आहे ना?"

"आहे."

"घेऊन ये त्याला. माळावर. आत्ता."

"आई, तो म्हातारा..."

"म्हणूनच. त्याच्यावर हात कोणी उगारणार नाही. तू कुलिबाली असलीस तरी सून आहेस, तुझं ऐकणार नाहीत. मी बोलले तर मला गप्प करतील. मला फक्त गाऊ देतील. तेवढंच माझ्या हातात आहे." तिनं माझ्या मुठीत कोलाच्या बिया कोंबल्या. "मी शेवटाला जात नाही. घसा आहे तोवर जात नाही. पण पळ."

फोन करायचा विचारच नव्हता. एक तर रेंज लागते फक्त टेकडीवर. आणि झानकाकाला फोनवर बोलावलं असतं तर तो हट्टानं आला नसता. अशा कामाला कोला हातात द्यावा लागतो. फामोरोची मोटारसायकल अंगणात होती, कारण माणसं पायी गेली होती. ती मी तोवर फक्त बाजारापर्यंत चालवली होती. कोरड्या ओढ्याच्या वाळूत चाक रुतलं आणि मी आडवी झाले. गुडघा फुटला. मागून, माळाच्या बाजूनं, सळईचा टणत्कार ऐकू आला आणि त्यावर माकोरोचा आवाज चढला. मी गाडी ओढून काढली.

सांजानात पोहोचले तेव्हा काका दारातल्या ओट्यावर बसून दात कोरत होता. मी कोला त्याच्या हातात दिला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. एक बी फोडली, अर्धी मला दिली, अर्धी तोंडात टाकली.

"काका, चल ना!"

"माझा झगा आण. मोठा, पांढरा."

"काका, ते तिकडे एकमेकांना मारतील!"

"मारतील, तर मी सदऱ्यात गेलो म्हणून थांबतील का? माझ्या गुलामांसमोर मी उघडा जाऊ? झगा आण."

झगा जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली होता. मग टोपी. मग काठी. मी रडायच्या बेताला आले होते. शेवटी तो मागच्या सीटवर बसला, झगा वाऱ्यानं फुगला आणि वाटभर तो माझ्या कानात ओरडत राहिला, "अगं हळू! कैतांच्या भांडणात कुलिबाली मेला तर लोक हसतील!"

माळावर तोवर काय झालं, ते मला फामोरोनं नंतर सांगितलं. तेही एकदम नाही. कित्येक दिवस तो त्याबद्दल बोलायचाच नाही.

जिगीची माणसं आधीच शियाच्या झाडांखाली उभी होती. त्यांच्यात तुमान, गळ्यात न्गोनी. दोन्हीकडच्या बंदुकांच्या मधल्या मोकळ्या जागेत माकोरो जाऊन उभी राहिली आणि गाऊ लागली. आवाज असा लागला, की फामोरो म्हणतो, त्याच्या अंगावरचे केस उभे राहिले आणि त्याला वाटलं, आता जिगी समोर आला तर मी त्याला हातांनीच फाडेन. तिकडच्यांचंही तेच होत असणार. पूर्वज तेच, शौर्य तेच. एकच गाणं दोन्हीकडच्या माणसांना पेटवत होतं.

तुमाननं तारा छेडल्या. आपल्या धन्याची बाजू घ्यायची म्हणून त्यानं वरच्या पट्टीत सूर घेतला आणि तो भराभर पुढे निघाला. एक पिढी, दुसरी पिढी. जिगीच्या आजोबांपर्यंत तो आलाच. आणखी थोडं, की बाप, आणि मग जिगी.

माकोरोनं सळई नळीवर हाणली.

"तुमान! तिसऱ्या घरातली थोरली सून खाल्लीस का रे? तिचे मुलगे कुठे गेले? बाप असता तर तुझा घडा ओतला असता!"

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. तुमान क्षणभर थांबला. त्यानं बहिणीकडे पाहिलं. काय कळायचं ते त्याला तेवढ्यात कळलं. त्यानं मान खाली घातली, तारा हळू केल्या आणि तो म्हणाला, "चुकलो, ताई. मागे जाऊ या."

आणि ते मागे गेले. त्या सुनेचे मुलगे, त्या मुलग्यांच्या बायका, एक जण लढाईत गेला, एक जण मिठाच्या वाटेवर, एक बहीण जिला नदीनं नेलं. प्रत्येकाची गोष्ट. सूर्य डोक्यावर आला. माणसांच्या हातांत बंदुका जड झाल्या, पण ठेवता येईनात. सासरे दोन पावलांवर उभे, गालावरून घाम ओघळतोय. ते एकदा दात दाबून म्हणाले, "माकोरो, आटप."

ती गातागाताच म्हणाली, "तुझ्या पणजोबाला आटप म्हणू, कैता? तो घाई करून जगला नाही."

पाणी द्यायला कोणी पुढे झालं नाही. मध्ये पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती. तिचा आवाज आधी फाटला, मग खरखरला. ती दम खायला थांबली, की तुमान उचलायचा. तुमानची बोटं थकली, की ती. पण तिच्याकडचं ओझं मोठं होतं. शब्द तिच्याकडे होते, तो फक्त ते धरून ठेवत होता.

तेवढ्यात बार उडाला.

जिगीचा चुलत पुतण्या काबा, वीस-बावीसचा पोरगा. घामानं बोट घसरलं की मुद्दाम दाबलं, आजपर्यंत कोणी खात्रीनं सांगत नाही. छर्रे माकोरोच्या मागच्या झाडात घुसले आणि पानं तिच्या डोक्यावर गळली. दोन्हीकडच्या बंदुका खांद्याला लागल्या. फामोरो म्हणतो, मी एका माणसाच्या छातीवर नेम धरला होता. तो माझ्याच वयाचा, लहानपणी आम्ही एकत्र मासे धरलेले.

माकोरो खाली बसली नाही की ओरडली नाही. तिनं दोन्ही हात वर केले आणि गाण्यातला पुढचा पूर्वज इतक्या मोठ्यानं उच्चारला, की तो आवाज तिचा वाटेना. त्या पूर्वजानं भावाला मारलं होतं आणि मग सात गावं त्याला पाणी देईनात. ही गोष्ट ती लग्नांत कधी गायची नाही. आमच्यापैकी कोणीच ती आधी ऐकली नव्हती. सासऱ्यांच्या बंदुकीची नळी थोडी खाली आली. जिगीची आली नाही.

त्याच वेळी आम्ही माळावर पोहोचलो. मी गाडी सरळ मध्ये घातली, कारण मला थांबवायची कशी तेच सुचेना. ती बंद पडली आणि झानकाका झगा सावरत खाली उतरला.

"अरे माझ्या गुलामांनो!" तो ओरडला. "मालकाला न विचारता मरायला निघालात? कोणाच्या परवानगीनं?"

कोणी हसलं नाही. काबाच्या बंदुकीतून अजून धूर येत होता. काका थेट त्याच्याकडे चालत गेला आणि त्यानं नळीचं तोंड हुंगलं.

"चवळीचा वास येतोय," तो म्हणाला. "दे इकडे. तुझ्या बापानं तुला पादायलाही धड शिकवलं नाही आणि निघालाय बंदूक उडवायला."

 काबानं जिगीकडे पाहिलं. जिगी दगडासारखा उभा. काकानं बंदूक ओढली. पोरानं सोडली आणि तो मटकन खाली बसला.

मग काका जिगीसमोर गेला. जिगी म्हणाला, "म्हाताऱ्या, बाजूला हो. याला तुझी थट्टा पुरणार नाही."

"थट्टा पुरेल, असं मी कधी म्हणालो? तू माझा गुलाम, तो तिकडचाही माझा गुलाम, ही जमीन माझ्या गुलामांची म्हणजे माझी. आजपासून इथे कोणी खणायचं नाही. खणायचं असेल तर कुलिबालीच्या दारी यायचं, हात जोडायचे आणि चवळी आणायची."

जिगीच्या जबड्याची शीर उडत होती. तो रागावला असता तर सगळं संपलं असतं. पण कुलिबालीवर रागावणारा कैता मी तरी पाहिलेला नाही.  शेवटी तो फार हळू म्हणाला, "पोतं की टोपली?"

"पोतं. तू लबाड आहेस, तुझ्याकडून टोपली नको."

माझ्या सासऱ्यांच्या तोंडातून एक आवाज निघाला. ते हसले की रडले, मला अजून ठरवता येत नाही. त्यांनी बंदूक जमिनीवर आडवी ठेवली. जिगीनं त्यांच्याकडे न बघता आपली ठेवली. मग एकामागून एक सगळ्यांनी.

काका वळला आणि एकदम खेकसला, "अरे नालायकांनो, त्या बाईला पाणी द्या!"

तेव्हा कुठे सगळ्यांनी माकोरोकडे पाहिलं. ती तिथेच उभी होती. ओठ हलत होते. ती अजून गातच होती, पण आवाज येत नव्हता, थोडासुद्धा. तुमान धावला आणि त्यानं तिच्या हातातली लोखंडी नळी काढून घेतली. तिला ते कळलं नाही. बोटं तशीच मिटलेली राहिली.

आवाज परत आला नाही. घरी पाल्यांचे काढे झाले, मधाचं चाटण झालं. नंतर सासऱ्यांनी तिला राजधानीच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं, कुजबुजता येईल, तेवढंच. परतीच्या वाटेवर बसमध्ये सासरे रडले. माकोरो त्यांच्या कानाशी येऊन कुजबुजली. आम्हाला वाटलं, धीर देतेय. सासऱ्यांनी नंतर सांगितलं, ती म्हणाली होती, "आता निदान बैल तरी दे. शिंगं सरळ असलेला."

त्यांनी दिला. जिगीनंही एक गाय पाठवली. ती तिनं दारात उभं राहून नीट तपासली आणि हाडकुळी आहे म्हणून परत धाडली. दुसरी आली, तेव्हा घेतली.

माकोरो यानंतर फार गोड झाली, असं कोणी समजू नये. कित्येक महिने ती चिडलेली असायची. दुसऱ्या कोणा जेलीणीचा आवाज लग्नात चढला, की उठून घरी जायची. मी एकदा भीतभीत विचारलं, "आई, पस्तावलीस का गं?" तिनं हातानंच मला जवळ ओढलं. "मला दुसरं काही सुचलं नाही," ती कुजबुजली. "सुचलं असतं तर तेच केलं असतं. मी काय वेडी आहे?"

माळावर पुन्हा खणणं झालं नाही. भाऊ एका वाडग्यात जेवू लागले, असंही नाही. पण मयताला एकमेकांकडे जातात, बाळाचं नाव ठेवायच्या दिवशी कोला पाठवतात, आणि दर वर्षी दोन्ही घरांतून सांजानाला चवळीचं पोतं जातं. झानकाका आता नाही. पोतं त्याचा मुलगा घेतो आणि हलकं भरलं म्हणून शिव्या देतो.

माकोरो गेल्या वर्षी धुळीच्या वाऱ्याच्या दिवसांत गेली. तिच्या जागी आता तिची मुलगी सिराले गाते. आवाज आईसारखा नाही, पण बरा आहे. मागण्यात मात्र ती आईच्या वरताण आहे.